विधवेचा अंगठा

चोवीस जातींचे बटाटे मी लिहिले,
चार हिवाळे, एकेक करून,
चुलीत ओलं लाकूड धुमसत असताना.
काळा मिचुन्ये, जांभळी ब्रूखा,
तो वेडावाकडा ग्वादाचो
ज्याला सोलताना सुरीच वैतागते.
कुठला कोणत्या उतारावर धरतो,
कुणाच्या आईनं कुणाच्या लग्नात बेणं म्हणून दिला.
फेरीबोटीनं पलीकडच्या बेटावर जाऊन
बार्रीया म्हातारीकडून ऐकलेलं,
तीनदा खोटं सांगून
चौथ्यांदा तिनं खरं सांगितलेलं.

आणि एका मंगळवारी
माझीच वाक्यं मला भेटली
दुसऱ्याच्या नावाखाली.
माद्रिदचा कुणी खाद्यसंशोधक,
कोरीव दाढी, हसरा.
स्वल्पविरामही त्यानं हलवला नव्हता.
मी लिहिलेलं, आमच्या आजीच्या शेतात.
त्याच्याही लेखात आमची आजी.
फोटोतून माझा हात कापलेला,
फक्त अंगठ्याचं नख राहून गेलेलं कडेला,
मातीनं काळं.

ओयार्सो वकील म्हणाला, पुरावा?
म्हटलं, नख.
तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.
म्हणाला, बटाटे कुणाच्या मालकीचे नसतात, बाई.
बटाटे नाही हो. वाक्यं.
तो खिडकीबाहेर बघत राहिला.

आई सही करत नसे.
अंगठा उठवायची.
जमिनीच्या कागदावर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर,
बाबा बुडाले त्या नोंदीवर.
निळा, किंचित उजवीकडे कललेला,
मधोमध विळ्याचा जुना वण.
दुसऱ्या कुणाचा तो असूच शकला नसता.

म्हणून पंचविसावा बटाटा मी पेरला.
कागदावर. जमिनीत नाही.
नाव ठेवलं विधवेचा अंगठा.
लांबट, निळसर, मधोमध एक वण.
फक्त आमच्या वाडीत, समुद्राकडच्या उतारावर.
उकडताना मीठ लागत नाही,
समुद्र आधीच आत असतो.
हे लिहिताना माझ्याच तोंडाला पाणी सुटलं.

आठ महिन्यांत तो एकतीस ठिकाणी उगवला.
लिमा, तुरीन, सोल.
एकानं तर चाखलाही होता:
मातकट, पण उदात्त.
आयत्या बिळात एकतीस नागोबा
आणि प्रत्येकाच्या फणीवर माझ्या आईचा ठसा.
मी यादी केली, ओयार्सोपुढे ठेवली.
या वेळी तो हसला,
चष्मा काढून, डोळे पुसत.
सतरा जणांनी लेख गुपचूप उतरवले.
कोरीव दाढीनं पत्र धाडलं, अनवधानाने झालं म्हणून.
चार हिवाळे.
अनवधानाने.

इथेच थांबायला हवं होतं मी.

पण शनिवारी, कास्त्रोच्या बाजारात,
दोन परदेशी मुली
आबेलिनो मान्सियाच्या फळीशी
विधवेचा अंगठा मागत होत्या.
आबेलिनो अजिबात गोंधळला नाही.
खालच्या पाटीतून लांबट जांभळे काढले,
तोलले, दुप्पट भाव लावला.
माझी आजी लावायची, म्हणाला.
आणि मीठ घालू नका पोरींनो,
समुद्र आधीच आत असतो.

पिशवीत कांदे घेऊन मी उभी.
मुली गेल्यावर विचारलं, कुठं वाचलंस हे?
वाचायला चष्मा लागतो, एदुविना.
सगळेच म्हणतात की. तू नाही ऐकलंस?

एक किलो घेतले मी.
दुप्पट भावानंच, घासाघीस न करता.
घरी येऊन उकडले, बिनमिठाचे.

अळणी.

यादीत बत्तिसावं नाव घालायला पेन उचललं,
आणि नखातली माती बघत
बसून राहिले,
चूल विझली तरी.